दाराची फट किती असावी?

प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या दारामधली फट किती असावी, यावरून वाकडला एका काका-पुतणीत वाद पेटला आहे. काकांचं आयुष्य पिंपरीच्या एका मोटार कारखान्यातल्या पेंट शॉपमध्ये गेलं. आता ते निवृत्त आहेत. पुतणी चाकणला गुणवत्ता विभागात आहे आणि नव्याकोऱ्या गाड्यांच्या दारांच्या फटी मोजणं हा तिच्या रोजच्या कामाचा भाग आहे. गाडी १९७५ची. काकांच्या वडिलांनी, सगळ्या गावाच्या तात्यांनी, ती मुंबईच्या एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली होती. वाकड तेव्हा शेतीचं गाव होतं आणि गावातल्या कितीतरी मुली लग्न होऊन याच गाडीतून सासरी गेल्या. तात्या गेले, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली, उंदरांनी वायरिंग खाल्लं आणि ओलीनं तळ खाल्ला. आता काम शेवटच्या टप्प्यात आहे.

जुनी गाडी उभी करणाऱ्या कुणालाही विचारा, खरं भांडण याच टप्प्यावर होतं. इंजिनाच्या कामात मतभेदाला फारशी जागा नसते. बोअर करायचा की नाही ते मायक्रोमीटर सांगतो. बेअरिंग गेलं की गेलं. तळाचा पत्रा सडला असेल तर कापायचा आणि नवा वेल्ड करायचा. पण रंग झाला, दारं, काचा, बीडिंग, क्रोम, सीट बसवायला घेतली, की प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं निघतात आणि दोन्ही पटतात. गाडी कुठल्या दिवसाची दिसणार ते इथं ठरतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाची, तात्यांनी शेवटची चालवली त्या दिवसाची, की कधीच नव्हती इतकी सुंदर?

अमेरिकेत हेच भांडण मसल कारवरून होतं. १९६४ची पॉन्टियाक जीटीओ आणि तिच्यामागून आलेल्या मोठ्या व्ही-८ इंजिनांच्या गाड्या. आपल्याकडे त्या नावाला शोभणारी म्हणून हौशी मंडळी कॉन्टेसाकडे बोट दाखवतात. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. तरी महाराष्ट्राच्या घराघरांत गोष्टी आहेत त्या हिच्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्यात आधी क्रायस्लरबरोबरच्या करारावर डॉज आणि प्लिमथ जोडल्या गेल्या, मग फियाट ११०० आली, लोकांची ‘डुक्कर फियाट’. १९६४ला डिलाइट आली आणि तिच्याच अंगावर १९७४मध्ये पद्मिनी हे नाव चढलं. घरात मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ची. तिची वीस वर्षं भरली आणि ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून उतरली. प्रीमियरचे अध्यक्ष राहिलेले विनोद दोशी नाटकांचे मोठे आश्रयदाते होते. त्यांच्या नावाच्या पुण्यातल्या नाट्यमहोत्सवाला मी जातो तेव्हा मला हटकून कुर्ल्याची ती असेंब्ली लाइन आठवते.

दोघांचं बोलणं मी शेजारी बसून ऐकलं आहे. त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथं देतो.

काका : दार लावलं की वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ दिसली पाहिजे. आत्ता वर बोट शिरतंय आणि खाली नखसुद्धा जात नाही. असं दार मी हाताखालून सोडणार नाही.

पुतणी : काका, आमच्याकडे ती रेघ साडेतीन-चार मिलिमीटरची असते आणि अर्धा-पाऊण मिलिमीटर हलली तरी गाडी बाजूला काढतात. पण तिथं रोबो वेल्डिंग करतो, पत्रा जिगमध्ये अडकवलेला असतो, दार कॅमेऱ्यानं बघून बसवतात. पन्नास वर्षांपूर्वी दार माणसं बसवायची. खांदा लावून, ठोकून, वाकवून. ती रेघ सरळ नव्हतीच.

काका : नव्हती म्हणून वाकडीच ठेवायची?

पुतणी : सरळ केलीत तर ती पद्मिनी राहत नाही. लांबून बघणाऱ्यालासुद्धा कळतं, काहीतरी खोटं आहे.

काका : वर्षभर घासून खोटं काम करतोय मी?

इथं दोघं गप्प झाले आणि काकांनी बिजागरीचे बोल्ट ढिले करायला घेतले. हे काम बघण्यासारखं असतं. गाडी घोड्यांवर उचललेली असताना दार कधीच सेट करायचं नाही. चाकांवर उभी राहिली की बॉडी किंचित बसते आणि सगळी मापं सरकतात. दारात काच, काच वरखाली करायची मशीन आणि कुलूप घातल्याशिवायही सेट करायचं नाही, कारण त्या वजनानं दार मागच्या टोकाला खाली येतं. नवं बीडिंग लावलं की ते दाराला बाहेर ढकलतं आणि दबून बसायला कित्येक आठवडे घेतं. म्हणजे आज अचूक बसवलेलं दार दोन महिन्यांनी आत गेलेलं असणार, आणि हे धरून आज ते जरा बाहेर ठेवायचं. बिजागरीखाली पत्र्याच्या पातळ चकत्या घालायच्या, बोल्ट आवळायचे, दार लावायचं, बघायचं, पुन्हा ढिलं करायचं. एका दाराला अख्खी दुपार जाते. पुढचं हललं की मागचं हलवावं लागतं, मागचं हललं की मडगार्ड.

रंगावरून झालेला वाद याहून मोठा. मूळ रंग फिकट आकाशी होता; डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला, उन्हानं कधी न पाहिलेल्या जागी तो सापडला आणि त्यावरून शेड मिळवली. पुतणीच्या हट्टापायी त्यावर क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारला नाही, कारण त्या गाडीला तो नव्हता. सरळ एकाच थरातला टू-के पीयू, म्हणजे दोन घटक मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग, मारला. आता प्रश्न ऑरेंज पीलचा. गनमधून उडालेले रंगाचे थेंब पत्र्यावर पडून एकमेकांत मिसळायला हवेत. थिनर त्याआधीच उडालं, रंग घट्ट असला, हवेचा दाब कमी पडला किंवा गन लांब धरली, तर थेंब मिसळत नाहीत आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार राहतो. तो काढायचा तर पाण्याचा पॉलिशपेपर घ्यायचा. आधी १२००, मग १५००, मग २०००. त्यावर कंपाऊंड आणि बफ.

काका : दाणा मी पूर्ण काढणार. बॉनेटमध्ये ट्यूबलाइट बघितली तर ती सरळ दिसली पाहिजे, लाटा नकोत.

पुतणी : कारखान्यातून आली तेव्हा दिसत होती का सरळ?

काका : नसेल दिसत. त्यांच्याकडे वेळ नव्हता, माल धड नव्हता. परवान्याचे दिवस ते. लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, कशीही दिली तरी गाडी विकली जायची. मी त्या लोकांतलाच आहे पोरी. लाइन चालू असताना समोर दोष दिसतो आणि हात लावायला वेळ नसतो, तेव्हा काय वाटतं ते मला विचार. आज वेळ आहे, माल आहे. त्यांना करता आलं नाही ते मी करतोय.

पुतणी : हे मी मानते. पण त्यांना करता आलं नाही, ही पण या गाडीची गोष्ट आहे ना? ती तुम्ही पुसताय.

मला हा वादाचा गाभा वाटतो. काकांचं म्हणणं कारागिराच्या अभिमानातून येतं, हे खरं. पण त्याच्या तळाशी कुर्ल्याच्या अनोळखी कामगारांविषयीची आपुलकी आहे. त्यांच्या कामाला ते दोष देत नाहीत, ते पुरं करू पाहतात. पुतणीला त्याच कामगारांनी जे केलं ते जसंच्या तसं हवं आहे. दोघंही एकाच माणसांची बाजू घेऊन एकमेकांशी भांडतात.

तिनं थर मोजायचं यंत्र आणलं होतं. बॉनेटच्या मधोमध रंग भरपूर निघाला, पण कडेला आकडा झपकन खाली आला. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, त्यामुळे कडेवर थर नेहमीच पातळ असतो. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास धरतात. इथं सगळा खेळ त्याहून कमी जाडीत चालतो आणि दाणा काढताना त्यातलेही काही मायक्रॉन पाण्याबरोबर वाहून जातात. क्लिअर कोट नसल्यामुळे ते पाणी आकाशी होऊन खाली येत होतं. काकांनी सगळ्या कडांना मास्किंग टेप लावली, सपाट भाग घासून घेतला आणि शेवटी टेप काढून कडा हातानं, नुसत्या कंपाऊंडनं चमकावल्या. बॉनेट आरशासारखं झालं. दारांच्या खालच्या भागात आणि डिकीच्या आत मात्र पुतणीनं दाणा ठेवायला लावला. काका तिथून जाताना अजून मान दुसरीकडे वळवतात.

पण याच पुतणीला काकांनी एकदा पुरतं अडवलं, आणि मला त्यांचं म्हणणं पटलं.

काका : तुला कारखान्यातून आली तशी हवी ना? मग दारांच्या खालच्या शिवणीत मी जे सीलंट भरलं ते काढून टाकू? पोकळीत मेण मारलंय, तेही काढू? त्यांनी मारलं नव्हतं. म्हणून तर पाणी साचलं, दारं खालून सडली, तळ गेला. तीही गोष्टच आहे या गाडीची.

पुतणी : ते वेगळं.

काका : वेगळं कसं ते सांग.

पुतणी : ते... गाडीला खातं.

काका : आणि वाकडी फट?

पुतणी : ती खात नाही. ती असते नुसती.

माझ्या मते इथंच रेघ ओढायला हवी. जुन्या वस्तूत दोन तऱ्हेचे दोष असतात. काही तिला संपवतात: उघडी शिवण, कुजकी वायर, गळणारा व्हील सिलिंडर. ते कितीही अस्सल असले तरी ठेवण्यात पुण्य नाही. बाकीचे दोष तिचा चेहरा असतात, ते काढताना हात आखडता घ्यावा. गॅरेजमध्ये याच्या नेमकं उलट होतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. वरून आरसा आणि आत गंज. गिऱ्हाईक चमक बघून पैसे देतं, शिवणीत वाकून कोण बघतं?

जगभर या प्रश्नावर विचार झालेला आहे. जुन्या वाहनांच्या संघटनांची ‘फिवा’ ही जागतिक संस्था १९६६ सालची. तिनं २०१२ साली ट्यूरिनची सनद स्वीकारली. इमारती आणि चित्रं जपताना जो विवेक वापरतात तोच गाडीला लावा, असं तिचं सूत्र आहे. गरजेपुरतंच काम करावं, सुरक्षेसाठी काही घालावं लागलं तर ते डोळ्यांत न भरणारं असावं, नवा भाग टाकला तर तो नवा आहे हे ओळखता यावं. अमेरिकेत कार्व्हेट गाड्यांच्या ब्लूमिंग्टन गोल्ड मेळ्यात गाड्यांचं परीक्षण होतं, आणि दुरुस्त न करता टिकलेल्या गाड्यांना तिथं वेगळा मान आहे. मसल कारवाले तर आणखी पुढे गेले. कारखान्यातल्या तपासनिसांनी पत्र्यावर, ॲक्सलवर खडूनं केलेल्या खुणा, कुठे उडालेला रंग, कुठे अर्धवट राहिलेला काळा हात, हे सगळं जुन्या फोटोंवरून शोधून ते पुन्हा काढतात.

काका : खोट्या खुणा? आपल्या हातानं?

पुतणी : कारखान्यात होत्या तशा.

काका : खूण म्हणजे सही. तपासली, मी जबाबदार, असं सांगणारी. दुसऱ्याची सही मी कशी करू? बँकेत केली तर आत टाकतात.

यावर पुतणीकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. आणि यानंतर काही दिवसांनी ड्रायव्हरच्या मागच्या दाराचं जुनं पॅनेल काढलं तेव्हा आतल्या पत्र्यावर, मूळ रंगावर, पिवळ्या मेणखडूची एक खूण दिसली. एक गोल, त्यातून ओढलेली तिरपी रेघ, खाली अर्धवट आकडा. हे दार आतून घासायचं राहिलं होतं म्हणून ती वाचली. काका बराच वेळ बॅटरी धरून बघत होते. त्यांच्या कारखान्यातही असाच खडू असायचा. आतून रंगवायचं काम त्या दाराला झालं नाही. गंज नव्हता तिथं, मेणाचा फवारा खूण सोडून मारला आणि वर पॅनेल बसवलं. ती आता कुणाला दिसणार नाही. फटीच्या वादात काकांचा आवाज त्या दिवसापासून थोडा खाली आला, पण मत बदललेलं नाही, हेही सांगायला हवं.

क्रोमचं काम भोसरीला झालं. लोकांना वाटतं चमक क्रोमची असते. प्रत्यक्षात क्रोमचा थर मायक्रॉनच्याही अंशात असतो. त्याचं काम कठीणपणा आणि ती निळसर झाक. चकाकी असते त्याच्या खालच्या निकेलची, निकेलच्या खाली तांबं, आणि सगळ्यांच्या खाली पत्र्याचं पॉलिश. पत्र्यावर एक खड्डा राहिला तर तिन्ही थर तो खड्डा इमानानं वर आणून दाखवतात. बंपर लोखंडी, ते सोपे. दारांच्या मुठी आणि नावाची अक्षरं मझाकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव. मझाकला आतून फोड येतात. जुना थर काढायला ॲसिडमध्ये टाकलं की कधी कधी वस्तूच विरघळायला लागते. एक मूठ अशीच गेली. तिच्या जोडीची मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, ढिगात, दुसऱ्याच कुठल्या गाडीची समजून कुणीतरी ठेवलेली मिळाली. तिच्यावर फोड आहेत. ती तशीच लावली.

पुतणी : ड्रायव्हरच्या दाराची मूठ मात्र प्लेटिंगला द्यायची नाही. तात्यांच्या अंगठ्यानं तिथला क्रोम गेलाय, पिवळं दिसतंय.

काका : ते मी तुझ्या आधी ठरवलंय.

स्टेअरिंगबद्दलही दोघांचं एकमत झालं. तडे आतून भरले, पण हात धरायच्या जागचा गुळगुळीतपणा राहू दिला. सीटचं रेक्झिन नवं घालावंच लागलं, जुन्याचा भुगा झाला होता. पुढची काच बसवायचा दिवस मला फार आवडला. रबराच्या खाचेत दोरी भरायची, साबणाचं पाणी लावायचं, एकानं बाहेरून काच तळव्यानं दाबत राहायचं आणि दुसऱ्यानं आतून दोरी हळूहळू ओढत रबराचा ओठ पत्र्यावर पलटवत न्यायचा. घाई केली तर कोपऱ्यात काच चटकन जाते. आत पुतणी, बाहेर काका. त्या अर्ध्या तासात दोघांत मतभेद झाला नाही, कारण दोरीला मत चालत नाही.

मग दिवे. नवी वायरिंग, नवे बल्ब, आणि तरी उजवा हेडलाइट मिणमिणता, हॉर्न घशातल्या घशात. पुतणी मीटर घेऊन बसली. करंट येत होता, नीट परत जात नव्हता. अशा गाडीत बॅटरीचं एक टोक थेट बॉडीला जोडलेलं असतं आणि प्रत्येक दिव्याचा परतीचा रस्ता पत्र्यातूनच जातो. काकांनी अर्थिंगच्या बोल्टाखालीसुद्धा इतका सुंदर, अखंड रंग मारला होता की वीज अडली होती. तो रंग त्यांनी स्वतः, स्क्रू ड्रायव्हरनं, चकचकीत पत्रा लागेपर्यंत खरवडला. बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. दिवा लख्ख लागला.

विजेचा विषय निघालाच होता. पुतणीच्या कंपनीतल्या काही मित्रांनी सुचवलं होतं, इंजिनच काढा, मोटर आणि बॅटरी टाका. कायद्यानं मार्ग आहे. मंजूर कीट बसवता येतं. शेजारच्या चाकणमधूनच २०२०मध्ये विजेवरची चेतक बाहेर पडली, आकुर्डीच्या जुन्या चेतकचं नाव घेऊन.

काका : ती नवी गाडी आहे, नाव जुनं. त्याला माझी हरकत नाही. पण हिचं इंजिन काढून टाकायचं म्हणजे?

पुतणी : मीही नाहीच म्हणाले त्यांना. ती सोलेक्स कार्बोरेटरचा चोक ओढून, दोनदा ॲक्सलरेटर मारून सुरू होते, सकाळी जरा खोकते, तो आवाज मला हवाय. पण एक सांगते. सीटबेल्ट लावायचे. पुढे दोन, मागे दोन.

काका : आता तू भोकं पाडायला सांगतेस? मूळ रूपवाली?

पुतणी : हो. हायवेवर भूमकर चौकाच्या पुलाखालून निघाल्यावर दोन्ही बाजूंनी ट्रेलर असतात. चारही चाकांना ड्रम ब्रेक. तुम्हाला बेल्टशिवाय नेणार नाही. पत्र्याला आतून जाड पट्टी वेल्ड करून नीट लावू, आणि त्या पट्टीवर तारीख टाकू, म्हणजे पुढच्याला कळेल हे मागून घातलंय.

काकांनी वाद घातला नाही. माझ्या मते ही या सगळ्या कामातली सर्वांत शहाणी गोष्ट आहे. जुन्या गाडीशी प्रामाणिक राहायचं म्हणून माणसाचा जीव पणाला लावायची गरज नसते, आणि केलेला बदल लपवायचीही नसते.

राहता राहिला नंबराचा प्रश्न, आणि तो मिटलेला नाही. जुलै २०२१मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, आणि पेट्रोल किंवा दुरुस्तीपुरतीच बाहेर काढायची. तात्यांची गाडी पन्नाशीची झाली आहे.

काका : व्हीए घेऊ. मान आहे त्याला. पुण्यातल्या रॅलीला नेऊ, बाकी वेळ कापड घालून ठेवू. आता परत चिखल, परत गंज, परत कुणीतरी बाइक घासणार. एवढं काम पुन्हा माझ्यानं होणार नाही.

पुतणी : म्हणूनच साधं पासिंग करायचं. फिटनेस घेऊ, आरसी वाढवून घेऊ, टॅक्स भरू. उभ्या गाडीचं काय होतं ते आपण पाहिलंय ना? ब्रेकचे सिलिंडर उभ्या गाडीत जाम होतात. पेट्रोल कार्बोरेटरमध्ये वाळून चिकट होतं. सील सुकतात. तात्या चालवत होते तोवर ती सडली नाही, उभी राहिल्यावर सडली.

काका : तात्यांच्या वेळी वाकडला एवढी गर्दी नव्हती.

पुतणी : रविवारी सकाळी सहाला निघू. आळंदीला जाऊन नऊच्या आत परत. मावशी कधीची म्हणतेय, तिची वरात याच गाडीतून गेली होती, एकदा तरी बसव म्हणून.

मी पुतणीच्या बाजूचा आहे, आणि हे काकांना सांगितलंही. त्यांनी लावलेला बॉनेटचा आरसा उन्हात, धुळीत, माणसांच्या बोटांनी थोडा मळावा, यातच त्या कामाचा मान आहे असं मला मनापासून वाटतं. पण ज्यानं तो घासला त्याला ते सांगणं सोपं नाही, आणि त्यांची भीती खरी आहे. गाडी रस्त्यावर उतरली की पहिला ओरखडा येणारच. तो कुणी तरी दुसराच काढणार, आणि तो भरायचं काम मात्र काकांच्या वाट्याला येणार.

काका : ब्रेकची हवा काढायची राहिलीय. ते झाल्याशिवाय कुठंच न्यायची नाही. आणि ऑइल भरताना मडगार्डवर ओलं फडकं टाक. ब्रेक ऑइलचा थेंब पडला तर पीयूसुद्धा उचलतं.

पुतणी : मी पेडलवर बसते. लांबच्या चाकापासून सुरू करायचं ना?

काका : मागचं डावं आधी. आणि रेडिएटरचं झाकण बदल, त्याची स्प्रिंग मेलीय. डांगे चौकात अडकलो तर पाणी बाहेर टाकेल.

पुतणी : म्हणजे डांगे चौकातून न्यायची?

काका : झाकण नाना पेठेतून आण. जुन्या बाजारातलं नको.